आबांच्या मानेतली शीर

आबांच्या मानेच्या डाव्या बाजूला दाढी उगवत नव्हती. मुंबईला घशातल्या गाठीवर विजेचा शेक दिला होता, त्याचं हे बक्षीस. तिथली कातडी काळी पडून चामड्यासारखी ताठ झाली होती. निरवांगीचा न्हावी म्हणायचा, "आबा, तुमचं अर्ध्या बलुत्यात भागवतो." आबा हसायचे. गाठ विरघळली होती, घोगरा का होईना आवाज शिल्लक होता, माझा बाप जिवंत परत आला होता. चार-पाच वर्षं आम्ही तेवढ्यावर खूश होतो.

मग एका रविवारी बिरोबाच्या देवळात, माझ्या चुलत्याशी बाजरीबद्दल बोलता बोलता, आबांचे शब्द एकाएकी कालवले गेले. उजवा हात लटकला. तोंडातून नुसते आवाज येऊ लागले. आम्ही मेंढरांमागं हिंडलेल्या घरातली माणसं. आमच्यात देव अंगात येऊन जत्रेत होईक सांगतो, म्हणजे वर्षाचा पाऊस, पीक, रोगराई आधी बोलून दाखवतो. होईक सांगणारा म्हातारा वारल्यापासून ती जागा रिकामी होती. चुलत्यानं आबांच्या कपाळाला भंडारा फासला आणि लोक पाया पडायला वाकले.

थोड्या वेळानं आबा पूर्ववत झाले. घरी येऊन म्हणाले, "देव न्हवं ते. शब्द तोंडात व्हता, भायेर येईना. मला समदं कळत व्हतं."

चुलत्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "खऱ्या भगताला मोठेपणा नसतोच." मला राग पटकन येतो, आणि असल्या उत्तरावर तर जास्तच.

पुढं असं वरचेवर होऊ लागलं. कधी डाव्या डोळ्यापुढं पडदा पडायचा, कधी हातातली भाकरी गळायची. वरकुट्याला सासरी निरोप आला तशी मी माहेरी आले आणि आबांना गाडीत घालून बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आबांच्या मानेला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मग ती माझ्या कानात घातली. उजव्या बाजूला नुसते ठोके होते. डावीकडं सूं सूं असा आवाज, पाटाचं पाणी अरुंद मोरीतून घुसताना येतो तसा.

"शेकानं गाठ जळाली," डॉक्टर म्हणाले, "पण शेजारून डोक्याकडं रक्त नेणारी शीरही आतून खराब झालेली दिसते. अरुंद झालीय. मेंदूला रक्त कमी पडलं की वाचा जाते. कधीतरी ती पुरती बंद होईल."

"मग औषध द्या की."

"मला माहीत असतं तर दिलं नसतं का, बाई?"

वाटेत आबा एवढंच म्हणाले, "लोकास्नी सांग. मला देव करू नगासा म्हणावं."

मी सांगितलं. आईला सगळ्यात आधी सांगितलं. ती चुलीपुढं बसून माझ्यावरच कावली. "शीर म्हणती! शीर बंद पडली तर उघडणार कोण? देव आला तर निदान परत तरी जातो." तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. माझ्याजवळ तिला द्यायला दुसरं काय होतं?

जत्रेत चुलत्यानं आबांना नवा पटका बांधून ढोलांच्या मधोमध उभं केलं. आबा नको नको म्हणत होते. ढोल घुमायला लागले आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. गुडघे वाकले. घशातून दोन-तीन आवाज निघाले. चुलता ओरडला, "औंदा पाऊस मोप हाय!" वर भंडारा उधळला गेला. मी कोपरानं माणसं ढकलत आत घुसले, घसा फुटेस्तोवर ओरडले, "आबांस्नी खाली निजवा!" त्या ढोलांत मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ते शुद्धीवर होते, आणि भ्याले होते.

त्या दिवसानंतर वाचा आली नाही. उजवं अंग गेलं. पाऊस मात्र चांगला झाला, मग काय विचारता! डाळजपासून माणसं नारळ घेऊन यायची, खाटेशी बसून प्रश्न घालायची. आबा भिंतीकडं तोंड फिरवायचे. लोक म्हणायचे, आज देवाची मर्जी न्हाय. आबांना शब्द सापडत नसत, पण ऐकलेलं सगळं कळत होतं. मी चिडून चिडून थकले.

एकदा एक बाई तापानं फणफणलेलं मूल घेऊन आली आणि ते तिनं आबांच्या पायाशी ठेवलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "बाई, हे आजारी हाईत. ह्यांच्या हातात काय बी न्हाय. पोराला इंदापूरला दवाखान्यात न्या."

"तितनंच आलोय," ती म्हणाली. "त्यांनी हात टेकलं."

आबा बराच वेळ त्या मुलाकडं बघत राहिले. मग त्यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. बाईनं हुंदका देऊन पायावर डोकं टेकलं, आणि आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला तो हात त्यांना मोकळा नव्हता.