युसूफचाचांची भट्टी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

मी खोडदचा. मंचरजवळच्या एका शेडमध्ये भट्टीवर कामाला आहे. जस्ताच्या खनिजाची काळी भुकटी भाजायची, तिच्यातलं गंधक जाळून टाकायचं, मग ती आम्लात विरघळवून विजेच्या टाकीत शुद्ध जस्त काढायचं — असा साहेबांचा प्रयोग. भट्टी बांधली जुन्नरच्या युसूफचाचांनी. लई जीव लावून बांधली हो! एकेक वीट कानाशी धरून, वाजवून बघितलेली.

माझं काम एवढंच — दर पंधरा मिनिटांनी दार उघडायचं, माल सगळीकडून सारखा भाजावा म्हणून लांब दांड्यानं ढवळायचा आणि वहीत खूण करायची. पण दार उघडलं की तो धूर असा घशात जायचा... मास्क? होता की. खुंटीला. तर त्या दिवशी मी — कसं सांगू — दोनदा ढवळलं आणि बाहेर जाऊन बसलो. वहीत मात्र सगळ्या खुणा केल्या.

माल निघाला तो ढेकळं होऊन. वरून तांबूस, फोडलं की आत काळं, कच्चंच. साहेबांनी वही बघितली. खुणा तर सगळ्या जागच्या जागी. मग चूक कुणाची? भट्टीची! आच सगळीकडं सारखी लागत नाही, बांधणीच फसली, असं ते म्हणाले. मी तिथंच होतो. तोंड उघडलं का? छे.

चाचांनी स्वतःच्या हातानं भट्टी फोडली. विटा उचलायला मीच होतो.

"माज्याच हातानं काय तरी चुकलं आसंल, भाऊ," ते म्हणाले. मला म्हणाले!

नवी भट्टी पुण्याच्या मिस्त्रीनं बांधली. या वेळी भीतीपोटी मी एकदाही ढवळायचं चुकवलं नाही. माल झकास निघाला — आणि चाचांचंच चुकलं होतं, हे सगळ्यांना पटलं. माझ्या नीट कामानं पटलं, राव! आता काय करायचं? खरं सांगायचं, दुसरं काय. तेवढंच जमलं नाही. रोज शेडवर जाताना ठरवतो, आणि साहेब समोर आले की वही पुढं करतो.

परवा जुन्नरच्या बाजारात चाचा भेटले, तिथं एका बेकरीवाल्यानं त्यांना भट्टी बांधायला विचारलं. माझ्यासमोरच. चाचा म्हणाले, "न्हाई, आपल्याला ते काम जमत न्हाई."

मी चाचांच्या भट्टीवर काम केलेलं बेकरीवाल्याला ठाऊक. तो माझ्याकडं वळला. "काय ओ, खरं का?"

मी हो म्हणालो.