पांढरी चारची आरती

गेल्या वर्षी माझा आवाज फाटला, तेव्हा देवाला बोल लावावा इतकीही आमची ओळख उरली नव्हती. आठव्या वर्षापासून मी मुलुंडला बाईंकडे ख्याल शिकले. बाईंनी गळा पाहून गायची पट्टी दिली पेटीची पांढरी चार, म्हणजे जरा खालचीच. "हीच तुझी. उगाच चढू नकोस," म्हणाल्या. पुढे जाहिरातींतल्या ओळी गायले आणि अंधेरीच्या एका वाद्यवृंदात शिरले. त्यांची व्हायोलिनं, चेलो आणि त्यावर माझी बंदिश. उंच स्वरात गाणं चमकतं म्हणून माझी पट्टी काळी पाच ठरली. मीही हुरळून हो म्हटलं, बाईंना मात्र कळवलं नाही. काही वर्षं टाळ्या मिळाल्या. मग एके दिवशी वरचा षड्ज लागेना. डॉक्टरांनी दीड महिना मौन सांगितलं. ते संपलं तरी आवाज चिरकतच होता. मोठा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता आणि संयोजक दुसरी गायिका शोधू लागले होते.

"देवळात तरी चल गं. घरात बसून काय होणारे?" आई म्हणाली. तिचं मन राखायला गेले. आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात गुरुवारची एक रीत आहे. झांज ज्याच्या हातात पडेल त्याने आरती उचलायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. त्या संध्याकाळी एका अनोळखी मालवणी मावशींनी ती माझ्या हातात कोंबली.

"मावशी, माझा गळा बसलाय."

"बसांदे गो. देव खंय पळान जाता?"

पेटी नव्हती, तंबोरा नव्हता, सूर द्यायला कोणीच नव्हतं. घाबरत तोंड उघडलं आणि आवाज आपोआप जिथे पडला तिथून सुरू केलं. अख्खी आरती न चिरकता झाली. तोच सूर गुणगुणत घरी आले, पेटीवर ताडून पाहिला, तर पांढरी चार. पेटीपुढे बसून मी खूप रडले. हे मी सहसा कोणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी वाद्यवृंदाला सांगितलं, पट्टी उतरवा, नाहीतर दुसरी गायिका बघा. कार्यक्रम गेला तर जाऊ दे, असं मनाशी धरूनच बोलले होते. "वाट लावलीस यार! सगळं नोटेशन परत लिहायचं?" चेलोवाला वैतागला आणि लिहायला बसला. कार्यक्रम झाला. पूर्वीची चमक नव्हती असं काही जण म्हणाले, आणि ते खरंही असेल. बाई पहिल्या रांगेत होत्या. शेवटपर्यंत मान डोलावत राहिल्या.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठरवता येत नाही. मौनाचाही वाटा असेलच. पण पट्टी निवडायचं मी सोडलं तेव्हाच ती सापडली, आणि त्यासाठी दर गुरुवारी मी हात जोडते. मावशी तिथे भेटतात. मी गाते हे त्यांना ठाऊक असणार, असं मला बरेच दिवस वाटत होतं. शेवटी विचारलं, एवढ्या गर्दीत झांज मलाच का दिलीत?

"आणि कोणाक देवची गो? सगळ्यांच्या हातात कायनाकाय होतां. तुझेच तेवढे रिकामे होते."