कूलरातली बस

शहाद्यात माझ्या खोलीसमोर एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ओट्यावर बसून ते पुठ्ठ्याच्या वीतभर बस बनवतात आणि बस तयार झाली की तोंडानेच हॉर्न वाजवून बघतात.

अडचण रंगाची होती. ओट्यावर लाल फवारा मारला की जवळच्या जिनिंग कारखान्यातला कापूस उडत येऊन ओल्या रंगाला चिकटायचा आणि बस केसाळ दिसायची. शेवटी ऐन एप्रिलात त्यांनी घरातला कूलर खिडकीपाशी रिकामा केला. रंगाचा वास बाहेर जावा म्हणून पंखा उलटा बसवला आणि आत बस ठेवून रंगवायला लागले.

त्यांच्या बायको, काकू, पदराने वारा घेत मला म्हणाल्या, "देखा भाऊ, मानसं घामे घामे व्हई ऱ्हायनात, नि तठे बसगाडीले वारा!"

मीही चेष्टा केली, "काका, तिकीट काढलं तर मलाही आत बसू द्याल का?"

ते हसले नाहीत. फवारा थांबवून म्हणाले, "सारी नोकरी खटारा चालाडी, भाऊ. नवी गाडी मन्हा वाटाले कधी उनीच नही."

काकू उठून कूलरपाशी वाकल्या आणि ती लालभडक बस बराच वेळ बघत राहिल्या.

"पाटी खांडबारानी लिखा," त्या म्हणाल्या. "मन्हा माहेरले एक तरी नवी गाडी जाऊ द्या."

काकांनी बारीक ब्रश उचलला.

"लिखस. पन मुक्काम नही. संध्याकायले गाडी परत."