पिवळा बोर्ड कुठे होता

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. दोनतीनदा अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरचं माणूस "काय गं, काय झालं?" म्हणालं, की मी उठून पाणी प्यायचे आणि विषय तिथेच राहायचा.

तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंस — कुणाचा जीव घेतलास का? नाही. मी एक शब्द बोलले. "होता." एवढाच.

धामणकर नाक्याजवळच्या एका किराणा मार्टमध्ये मी नऊ वर्षं नोकरी केली. शेवटी शेवटी फ्लोअर इनचार्ज होते. म्हणजे रॅक भरलेत का, भाव बरोबर लागलेत का, फरशी पुसली का, हे बघणारी. फरशी — हो, तेही माझंच काम होतं.

रुकय्या आपा आमची नेहमीची गिऱ्हाईक. जुन्या कोकणी मुसलमान घरातली, साठीला टेकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लग्नाला, ईदेला लोकांना तिच्याच हातचं वाफवलेलं गोड सांदण आणि तांदळाच्या रोट्या लागायच्या. परातीपुढे जमिनीवर बसून ती एका बैठकीत शंभर रोट्या थापायची. त्यावर तिचं घर उभं होतं. मार्टमध्ये आली की आधी मला शोधायची. "सुनंदा बाय, ह्यो तांदूल जुना हाय ना? नव्याची रोटी तुटते." माझ्या मुलीच्या बारशाला न बोलावता आली होती, पातेलंभर सांदण घेऊन. आणि मी तिच्याशीच —

थांबा. नीट सांगते.

त्या दुपारी लाइट दोनदा जाऊन आली होती. असं झालं की दही-पनीरच्या फ्रीझरखालून पाणी गळायचं. पोछा मारणाऱ्या ताई सुट्टीवर होत्या. मी जाता-येता ते पाणी पाहिलं होतं. पाहून पुढे गेले. मागच्या दाराला बिस्किटांचा माल उतरत होता, म्हटलं, तेवढं मोजून घेते आणि येऊन पुसते. आपण असं किती वेळा म्हणतो, नाही का?

आपा फ्रीझरपाशी दही घ्यायला वाकली आणि पाय सटकला. मी आवाज ऐकला. माणूस पडल्याचा आवाज वेगळाच असतो — भांडं पडल्यासारखा तो घुमत नाही, तिथेच दबून जातो. तिची सून शबाना तेलाच्या रॅककडे होती, ती धावली. गिऱ्हाइकं जमली. आपाचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ते नंतर कळलं.

मग ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली. आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता जमिनीवर बसायचं नाही. रोट्या बंद. सांदण बंद. नमाजसुद्धा खुर्चीवर बसून.

शबानाने वकील गाठला. ग्राहक आयोगात तक्रार गेली — दुकानात पाणी होतं, पुसलं नव्हतं, सावध करणारा बोर्ड नव्हता. सगळं येऊन अडकलं ते त्या बोर्डावर. 'फरशी ओली आहे' असं लिहिलेला पिवळा, दोन पायांचा बोर्ड असतो ना, तो. आमच्याकडे एकच होता. कॅमेरे होते, पण कॅश काउंटरवर रोखलेले. फ्रीझरचा कोपरा त्यात येतच नव्हता. साक्षीला राहिले मी.

आमच्या कामतघरच्या चाळीत सगळे समजतात की दुकानाच्या शेठनेच माझ्या तोंडून ते 'होता' वदवून घेतलं. "बिचारी काय करणार, नोकरीचा प्रश्न." मी ते ऐकून मान खाली घालते. म्हणजे त्यांना ते अजूनच खरं वाटतं.

शेठने काहीच वदवून घेतलं नाही. त्याने मला ऑफिसात बसवलं, दार लावलं आणि विचारलं, "सुनंदा, सच बोल. बोर्ड रखा था क्या? नसेल ठेवला तर आत्ताच सांग. म्हातारी बाई आहे, आपण तिचं बघू. कोर्टबाजी कशाला?"

त्याने मला दार उघडून दिलं होतं हो. आणि मी म्हणाले, "होता."

तो बोर्ड त्या वेळी कुठे होता, हे फक्त मला माहीत आहे. मागचं दार आपोआप बंद व्हायचं आणि माल आत घेताना सारखं उघडावं लागायचं. म्हणून मी बोर्ड घडी करून दाराच्या फटीत सारला होता. मीच. माझ्या हाताने.

आणि अजून एक आहे. हे लिहायला हात चालत नाही.

आपा पडली तेव्हा ती माझं नाव घेऊन हाक मारत होती. "सुनंदा, अगं सुनंदा." शबानाचं नाही, अल्लाचं नाही — माझं. मी ते ऐकलं, आणि मी तिच्याकडे गेले नाही. मी आधी मागे धावले. दारातला बोर्ड ओढून काढला, साडीच्या पदराखाली घेतला, माणसांच्या गर्दीतून आत शिरले आणि फ्रीझरशेजारी उभा केला. मग खाली बसले आणि तिचा हात हातात घेतला. इतकं पटकन सुचलं मला! कुणी शिकवलं नव्हतं.

शबानाने पुरावा म्हणून मोबाइलवर पाण्याचा फोटो काढला. त्या फोटोत बोर्ड आला. तिचाच फोटो तिच्या विरुद्ध गेला. ती ओरडून सांगत राहिली की हा नंतर ठेवलाय. पण आपा पडली तेव्हा ती तर तेलाकडे होती, आधीचं तिला काय ठाऊक, असं झालं.

दुकानाच्या वकिलाने माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. 'सदर ठिकाणी सूचनाफलक ठळकपणे लावलेला होता.' मी सही केली. ठाण्याला आयोगात तारखेला गेले तेव्हा आपा वॉकर घेऊन आली होती. माझ्याकडे बघून हसली. हो, हसली. तक्रार फेटाळली गेली.

शबानाला वर अपील करायचं होतं. आपाने करू दिलं नाही. का, ते मला शबानानेच रस्त्यात गाठून सांगितलं, दात-ओठ खात. "अम्मी म्हणतात, सुनंदा खोटं कशाला बोलंल? मलाच दिसला नसंल. आता खूश आहेस ना?"

त्यानंतर आपा डोळे तपासायला गेली. एकदा नव्हे, दोनदा. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. तिला ते पटेना. एवढा पिवळाजर्द बोर्ड समोर असून दिसला नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय, हे तिच्या मनाने घेतलं. ती एकटी घराबाहेर पडेनाशी झाली. नातीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायची, तेही बंद केलं. "मना दिसत न्हाय बरोबर," म्हणायची. दिसत होतं तिला सगळं.

मी नोकरी सोडली. त्याने काय होणार होतं? मागच्या वर्षी एकदा, ईद झाल्यावर, मनाशी ठरवून तिच्या घरी गेले. सांगायचंच म्हणून गेले. जिन्यात दोनदा थांबले.

आपा खुर्चीत बसली होती. मला बघून तिला कोण आनंद झाला. शबाना आत निघून गेली. मी म्हणाले, "आपा, मला त्या दिवसाबद्दल बोलायचंय." तर तीच पुढे सरकली आणि माझं मनगट धरलं.

"मना पन तुला तेच इचारायचा होता, बाय. येक डाव नीट सांग. तो बोर्ड नक्की कुठं होता? मी डोलं मिटून लय आठवते, पन दिसत न्हाय. तू सांगितलास तर आठवंल."

ती डोळे मिटून बसली. वाट बघत.

आणि मी सांगितलं. फ्रीझरच्या डाव्या बाजूला, ताकाच्या पिशव्या होत्या तिथे. तुमच्यापासून दोन पावलांवर. अक्षरं तुमच्याकडे तोंड करून. मी सांगत गेले, शांतपणे, एकेक गोष्ट. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"हां," ती म्हणाली. "आता दिसला. पिवला. होता खरा."

मग तिने नातीला हाक मारली, सुनंदा मावशीसाठी शीरखुर्मा आण म्हणाली, आणि तिला समजावू लागली — बोर्ड असला की बघून चालायचं बाय, मी बघितला होता, तरी चालले.

मी वाटी संपवली. नातीने अजून हवं का विचारलं. मी थोडं अजून घेतलं.