पेटीचा पासवर्ड
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला का मले तो दुपारचा फोन आठवते. बायको वारली त्या वर्षी पोरीनं घरातच एक लहान कॉम्प्युटरची पेटी बसवली होती. बायकोच्या मोबाईलातले फोटो, तिची धान रोवण्याची गाणी, माझ्यावर ओरडणं, सारं त्या पेटीत होतं. तिचा आवाज परक्या कंपनीच्या ताब्यात द्यायचा नाही, असं मीच म्हटलं होतं. पासवर्डही मीच टाकला, तिच्या मतदान कार्डावरची इंग्रजी अक्षरं पाहून, पोरीले तोंड फिरवायले लावून. त्या दुपारी पोरीचा नागपुरातून फोन आला. "बाबा, पेटीत कोणी बाहेरचा घुसायले पाहून राहिला. पासवर्ड बदलावा लागते. जुना सांगा." बाहेर धानाच्या बांधीवर ऊन रणरणत होतं, इकडं पेटी तापून वास मारत होती. "वायर उपटू का?" "उपटून काय होते? परत लावली का तो परत येईन. घुसला तर तो सारं मिटवून टाकीन, बाबा. दुसरीकडं काहीच ठेवलं नाही आपण." पासवर्ड म्हणजे पोरीच्या मायचंच नाव होतं. आमच्या वेळी नवरा बायकोचं नाव घेत नव्हता. जन्मभर मी तिले 'पोरीची माय' म्हटलं, म्हणून वाटलं, हे कोणाच्या ध्यानातच येणार नाही. "बाबा, काऊन बोलत नाही?" मी नाव घेतलं. पोरगी रडक्या आवाजात म्हणाली, "हे तर साऱ्या गावाले माहीत आहे न, बाबा." पासवर्ड बदलला, आवाज वाचला. आता त्या नावानं पेटी उघडत नाही. मी मात्र एकटा असलो का ते हळूच घेतो, आन् कोणी ओ देत नाही, त्याचंच भेव वाटते.