ओळंब्याची पाठ

गल्लीतल्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का ते बघतात, तो ओळंबा. याला तोही लागत नसे. एक डोळा मिटला की भिंत कुठं झुकलीय ते सांगून मोकळा. आणि नेमकी याचीच पाठ वाकली. दोन मणक्यांमधली चकती झिजली, आणि लेकीच्या घराचा जिना सात पायऱ्यांवर अडकला. दुसऱ्या गवंड्याला तो हात लावू देईना.

"बाबा, जन्मभर शिडीनंच चढू का?" लेक म्हणायची.

मोठ्या इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. त्याच्याच कमरेच्या हाडातून मूळपेशी काढायच्या, वाढवायच्या आणि सुईनं चकतीत सोडायच्या.

"गुण येईलच असं नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माल घरचाच आहे ना? मग येणार कसा नाही?"

सुई झाली. "उद्यापासून रोज थोडं चालायचं," बाईंनी बजावलं. यानं मान डोलावली, आणि घरी येऊन फळीवर उताणा पडला तो पडलाच.

"अहो, चालायला सांगितलंय ना?" बायको म्हणाली.

"स्लॅब ओतल्यावर एकवीस दिवस टेकू काढतात का?"

"मग वरून पाणीपण मारू?"

"मारलंस तर बरंच."

एकविसाव्या दिवशी उठला, तर कमरेचं लाकूड झालेलं. लेकीनं धरून इस्पितळात नेला. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, चकतीला रक्त जवळजवळ पोचत नाही. तुम्ही हाललात की तिच्यात अन्नपाणी मुरतं. पेशींना तीन आठवडे उपाशी ठेवलंत."

ओळंब्याचं तोंड एवढंसं झालं. "मेल्या का हो?"

"सांगता येत नाही. आजपासून जेवू घाला, मग बघू."

झालं. सकाळ-संध्याकाळ गडी रस्त्यावर. न्हाव्यानं विचारलं, "कुठं निघालात?" तर म्हणे, "पोरांना जेवायला घालून येतो."

सहा महिन्यांनी दुखणं पार गेलं नव्हतं, पण उठताना भिंत धरावी लागेना. पोती उचलायची नाहीत, या अटीवर बाईंनी कामाला सोडलं. पोती लेकीनं वाहिली, आठवी पायरी बापानं ओतली. लेकीनं हौसेनं पाय उचलला, तोच हा गरजला, "थांब. हिला मात्र एकवीस दिवस."

आणि थापी धुऊन स्वतः चालायला निघाला.