प्रज्ञाचा फॉर्म आणि नितीनचा नंबर

"ताई, पासवर्ड काय टाकला होता?"

"नितीनदादाला माहीत."

झालं. दुपारचे साडेतीन, चौक नाका, आणि माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून बाई नितीनचं नाव घेतात.

मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. नितीन पण देतो, बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे. त्याच्याकडे एसी. माझ्याकडे टेबलफॅन, तोही कस्टमरकडे वळवला की मी घामाघूम. ॲडमिशन सुरू झाल्या की त्याच्या दारात आईबापांची लाईन, आणि मी इकडे बसून मुंडकी मोजतो. लोधिवलीच्या सुनंदाताई माझ्याकडे आल्या कारण नितीनचं शटर बंद होतं. तो कामाला खालापूरला गेला होता.

ताई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहेत. पोरगी प्रज्ञा, फार्मसीचं पहिलं वर्ष. तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म 'सेंड बॅक' झाला होता. म्हणजे कॉलेजच्या क्लार्कने तपासला, चूक सापडली, परत धाडला. उत्पन्नाचा दाखला जुना लागला होता. नवा ताईंच्या पिशवीत होता. अपलोड करायचा, सबमिट दाबायचं. काम पाच मिनिटांचं, पण आज शेवटचा दिवस, आणि क्लार्क पाचला उठतो.

"नाय गेला तर?" मी विचारलं.

"तर पूर्ण फी भरा म्हंतायत. कुठनं भरू? पोरीला घरी बसवावं लागंल."

आणि मला काय झालं असेल? आनंद. नितीनने जुना दाखला लावला! एसीत बसून! मी लगेच कॉलर वर केली, नितीनसारखी मान वाकडी केली आणि त्याच्या आवाजात म्हणालो, "ताई, टेन्शन नाय घ्यायचं, आपण हाय ना!" मागे बसलेले दोघं खो-खो हसले.

ताई नाय हसल्या. "दादा, आधी फॉर्म बघा."

मी 'पासवर्ड विसरलात' दाबलं. साईट म्हणाली, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवते.

"हा तुमचा?"

"नाय वं. माझा रिचार्ज संपला व्हता तवा. नितीनदादानं त्याचाच टाकला."

आता सरळ रस्ता म्हणजे नितीनला फोन. पण नितीनकडे मागायचं? मी? त्यापेक्षा मी अंदाजाने पासवर्ड टाकले. प्रज्ञा वनटूथ्री. चूक. नितीन वनटूथ्री. चूक. तिसऱ्यांदा टाकला आणि अकाउंट अर्ध्या तासासाठी लॉक झालं.

"काय झालं?" ताई.

"सर्व्हर स्लो आहे."

हे वाक्य आमच्या धंद्यात दिवसाला वीसदा बोलावं लागतं. या वेळी मात्र ते निव्वळ खोटं होतं. ताई घड्याळाकडे बघत बसल्या. अर्धी रजा टाकून आल्या होत्या.

लॉक उघडलं तेव्हा सव्वाचार झाले होते. मी पुन्हा 'पासवर्ड विसरलात' दाबलं, ओटीपी नितीनच्या मोबाईलवर गेला. ताई म्हणाल्या, "नितीनदादाला फोन लावा ना, देईल तो." हे 'देईल तो' मला फार लागलं. मी बाहेर गेलो, दुकानाच्या दुसऱ्या सिमवरून फोन लावला आणि क्लार्कचा आवाज काढला. नाकातून, मध्ये मध्ये खोकला.

"हॅलो... खॅक... स्कॉलरशिप सेक्शन. तुमच्याकडं एक ओटीपी आला असेल. सांगा पटकन."

नितीन म्हणाला, "साहेब, आमच्या नाक्यावरचा वडेवाला तुमच्या कॉलेजात कधी लागला? मागं 'गरम गरम' वरडतोय."

मी फोनवर हात धरून वडेवाल्यापासून दोन पावलं लांब सरकलो.

"अरे माकडा, सरळ माग की रं! कुनाचा फॉर्म हाय?"

"सुनंदाताईंचा," मी माझ्या आवाजात म्हणालो. "तू दाखला जुना लावलास."

"आयला. घे, लिहून घे." त्याने सहा आकडे सांगितले. मग म्हणाला, "आनि माझा नंबर काढ त्यातनं, ताईंचा टाक. तुझ्या नंबरवर किती पोरांचे फॉर्म हायत रं?"

"एकही नाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आत येऊन नवा दाखला चढवला, ताईंचा नंबर टाकला, सबमिट केलं. पाचला दहा कमी. ताईंनी कॉलेजात फोन केला. क्लार्क म्हणाला, आला, पुढं पाठवतो.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर काढलं. माझ्या नंबरवर अकरा फॉर्म निघाले. कुणाचा फोन बंद, कुणाला मेसेज वाचता येत नाही, म्हणून टाकत गेलेलो. एकेका आईबापाला बोलावून सगळे बदलले.

प्रज्ञाची स्कॉलरशिप मंजूर झाली. ताई पेढ्यांचा बॉक्स घेऊन नाक्यावर आल्या आणि थेट नितीनकडे गेल्या. परत जाताना माझ्याकडे डोकावल्या, कागदात दोन पेढे ठेवले. "तुमी पन व्हतात ना त्या दिवशी."

तर धडा असा: फॉर्मवर मोबाईल नंबर आईबापाचाच टाकावा. आणि ओटीपी मागायचा असेल तर वडेवाल्यापासून लांब उभं राहावं.